आईवडिलांचं कॉलेज आणि मुलांचा अर्ज: लेगसीचा हिशेब कसा मांडायचा

कोल्हापुरात बारावीच्या घरात अमेरिकेचा विषय निघाला की खर्चाच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, जरा आवाज उतरवून: आपलं कुणी तिथं शिकलंय, त्याचा काही उपयोग होतो का? होतो. पण कुठल्या कॉलेजात, कुणाच्या नात्यानं आणि कितपत, याची उत्तरं बहुतेक घरांत गृहीत धरलेली असतात आणि बरीचशी चुकलेली असतात.

गोंधळाचं मूळ एका शब्दात आहे. आपल्याकडं प्रवेश म्हटलं की डोळ्यांपुढं कोटा येतो. इतक्या जागा अल्पसंख्याक, इतक्या मॅनेजमेंट, इतक्या एनआरआय. अमेरिकेतली लेगसी, म्हणजे माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना प्रवेशात मिळणारं झुकतं माप, त्या जातीची नाही. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांसाठी राखून ठेवलेल्या जागा तिथं नसतात, त्यांची वेगळी यादी लागत नाही, कटऑफही नसतो. अर्ज वाचणाऱ्याच्या समोर फाइल असते, तिच्यात एक नोंद असते की आई किंवा वडील इथले पदवीधर आहेत. दोन तुल्यबळ फाइलींत निवड करायची वेळ आली तर त्या नोंदीनं पारडं झुकू शकतं. फाइलच कच्ची असेल तर नोंदीसकट बाजूला जाते.

ही पद्धत तिकडं १९२० च्या दशकात रुजली. पूर्व किनाऱ्यावरच्या जुन्या कॉलेजांत परीक्षेच्या जोरावर ज्यू आणि स्थलांतरितांची मुलं मोठ्या संख्येनं येऊ लागली, तेव्हा जुन्या घरांची जागा शाबूत राहावी म्हणून चारित्र्य, मुलाखत, घराणं असले निकष आत आले. (इकडं कोल्हापुरात त्याच्या आधीच, २६ जुलै १९०२ ला, शाहू महाराजांनी संस्थानच्या नोकऱ्यांतल्या ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखल्या होत्या. ते स्वतः शिकले होते राजकोटच्या राजकुमार कॉलेजात, जिथं राजघराण्यातला जन्म हीच प्रवेशाची पात्रता होती.)

आकडा मोठा दिसतो, पण तो कुणाचा?

प्रवेशात वंश पाहण्यावरून हार्वर्डविरुद्ध झालेल्या ज्या खटल्याचा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं २९ जून २०२३ ला दिला, त्या खटल्यात कॉलेजला आपली प्रवेशाची आकडेवारी उघडी करावी लागली. सहा वर्षांच्या अर्जांत लेगसी मुलांना प्रवेश मिळण्याचं प्रमाण ३४ टक्क्यांच्या आसपास होतं आणि बाकीच्यांचं जेमतेम ६ टक्के. हा आकडा ऐकून घरात पेढे वाटायच्या आधी तो नीट वाचा. तीनातल्या दोन लेगसी मुलांना नकारच मिळाला. ज्यांना प्रवेश मिळाला त्यांच्यातली बरीच मुलं चांगल्या शाळा, शिकवण्या, घरातली पुस्तकं या सगळ्यामुळं तशीही वरच्या गटातली होती, त्यामुळं ३४ आणि ६ मधला सगळा फरक लेगसीच्या खात्यावर टाकता येत नाही. आणि आपल्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचं: खटल्यातल्या तज्ज्ञांचा तो हिशेब अमेरिकेतल्या अर्जदारांचा होता. भारतीय पासपोर्टवर कोल्हापुरातून अर्ज करणारं मूल त्या हिशेबात नव्हतं. ते आंतरराष्ट्रीय अर्जदारांच्या गर्दीत वाचलं जातं, आणि तिथली चुरस वेगळी असते.

त्याच वर्षी जुलैमध्ये राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन या अर्थतज्ज्ञांचा अभ्यास आला. त्यांनी आयव्ही लीगची आठ आणि त्यांच्या तोडीची चार अशी बारा कॉलेजं तपासली. लेगसी मुलांना आईवडिलांच्या कॉलेजात झुकतं माप मिळतं हे त्यात दिसलंच, पण अर्ज भरणाऱ्याला खरा उपयोगी निष्कर्ष पुढचा आहे. तीच मुलं त्याच दर्जाच्या दुसऱ्या कॉलेजात अर्ज करतात तेव्हा त्यांना विशेष काही मिळत नाही. म्हणजे आई कॉर्नेलची असेल तर फायदा कॉर्नेलपुरता. प्रिन्स्टनच्या अर्जात ती फक्त शिकलेली आई असते. आठ-दहा कॉलेजांची यादी करताना लेगसी बहुधा एकाच ओळीवर लागू पडते, हे धरूनच यादी करा.

कुठलं नातं धरतात

आपली भावकी इथं चालत नाही. न्यू जर्सीतले काका, टेक्सासची मावशी, मेहुण्यांचे साडू, कुणीही नाही. बहुतेक कॉलेजं लेगसी म्हणजे आई किंवा वडील एवढंच धरतात. काही ठिकाणी आजी-आजोबा आणि सख्खी भावंडं विचारतात, पण त्याचं वजन हलकं असतं. चुलत, मामे, मावस ही नाती रकान्यात भरता आली तरी त्यांनी पारडं हलत नाही.

दुसरी चाळणी पदवीची. इथं कोल्हापूरकरांचा सर्वाधिक भ्रमनिरास होतो. आपल्याकडून अमेरिकेला गेलेल्या पिढीतले बहुतेक लोक इथं बीई, बीएस्सी किंवा एमबीबीएस करून तिथं एमएस, एमबीए किंवा पीएचडीला गेले. हार्वर्ड लेगसी मोजताना पाहतं ते आई किंवा वडील हार्वर्ड कॉलेजात, म्हणजे पदवीपूर्व शिक्षणाला, होते का. वडिलांनी तिथून एमबीए केलं असेल तर त्या अर्थानं ती लेगसी नाही. स्टॅनफर्ड मात्र पदव्युत्तर पदवीधारकांच्या मुलांनाही लेगसीत धरत आलं आहे. दोन नावाजलेली कॉलेजं, दोन वेगळे नियम. म्हणून प्रत्येक कॉलेजच्या प्रवेश विभागाला एक साधा ईमेल करा: पालकाची पदव्युत्तर पदवी लेगसी म्हणून धरता का? चार ओळी पुरतात, आणि असा प्रश्न विचारल्यानं अर्जावर काही वाईट परिणाम होत नाही.

मग येतात ती अर्धीमुर्धी नाती. शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या एखाद्या फौंड्रीमालकानं नावाजलेल्या बिझनेस स्कूलमध्ये आठ दिवसांचा एक्झिक्युटिव्ह कोर्स केलेला असतो, भिंतीवर सर्टिफिकेट लावलेलं असतं. लेगसीसाठी त्याचा उपयोग शून्य. ऑनलाइन सर्टिफिकेट, उन्हाळी वर्ग, एका सत्राची विद्यार्थी अदलाबदल, पोस्टडॉक, व्हिजिटिंग स्कॉलर हेही सगळं पदवीत मोडत नाही. आई किंवा वडील सध्या त्या विद्यापीठात नोकरीला असतील तर तो वेगळा प्रकार आहे. कर्मचाऱ्यांच्या मुलांची नोंद बरीच विद्यापीठं स्वतंत्रपणे घेतात, आणि ती लेगसीपेक्षा हलकी नसते.

एमएसला जाणाऱ्यांनी हा विषय इथंच सोडून द्यावा. पदव्युत्तर प्रवेश विभागातले प्राध्यापक ठरवतात आणि ते बघतात ते तुमचे विषय, प्रकल्प, शिफारसपत्रं. वडिलांची पदवी तिथं कुणी विचारत नाही.

सी-७ चा तक्ता

कॉलेज लेगसी बघतं का, याचं उत्तर कन्सल्टंटला विचारू नका. ते छापील मिळतं. अमेरिकेतली बहुतेक कॉलेजं दरवर्षी कॉमन डेटा सेट नावाचं एकाच साच्यातलं पत्रक काढतात. गुगलवर कॉलेजचं पूर्ण नाव आणि पुढं कॉमन डेटा सेट असं इंग्रजीत टाका, सर्वांत ताज्या वर्षाची पीडीएफ उघडा आणि विभाग सी मधला क्रमांक ७ काढा. तिथं एक तक्ता असतो. डावीकडं निकष: शाळेतले विषय, गुण, निबंध, शिफारशी, मुलाखत वगैरे. त्यात ॲल्युम्नाय रिलेशन (माजी विद्यार्थ्याशी नातं) अशी एक ओळ असते. उजवीकडं चार रकाने: अतिशय महत्त्वाचं, महत्त्वाचं, विचारात घेतलं जातं, विचारात घेतलं जात नाही.

खूण शेवटच्या रकान्यात असेल तर त्या कॉलेजापुरता विषय संपला. तिसऱ्या रकान्यात असेल, आणि लेगसी पाहणाऱ्या कॉलेजांत बहुधा तीच असते, तर तिचा अर्थ 'बघतात, पण त्यावर अर्ज तरत नाही' असा घ्या. त्याच तक्त्यात फर्स्ट जनरेशनची ओळही पाहून ठेवा, तिचं काम पुढं आहे. पत्रकावरचं वर्ष तपासायला विसरू नका. २०२३ च्या निकालानंतर अनेक कॉलेजांनी धोरण बदललं आणि जुन्या पीडीएफ अजून सर्चमध्ये वर येतात. ताडून पाहायला अमेरिकन सरकारची कॉलेज नॅव्हिगेटर ही साइट आहे, तिथंही प्रवेशाच्या निकषांत लेगसीची नोंद असते.

इंजिनिअरिंगकडं ओढा असलेल्या घरांनी हे आधीच लक्षात घ्यावं: एमआयटी आणि कॅलटेक लेगसी बघत नाहीत. बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन डिएगो धरून कॅलिफोर्निया विद्यापीठाची सगळी केंद्रंही बघत नाहीत. जॉन्स हॉपकिन्सनं २०१४ पासून बंद केलं आणि २०२० मध्ये जाहीर केलं. ॲमहर्स्टनं २०२१ मध्ये, वेस्लियननं २०२३ मध्ये. राज्यांचे कायदेही आले आहेत. कोलोरॅडोनं २०२१ मध्ये आणि व्हर्जिनिया व इलिनॉयनं २०२४ मध्ये सरकारी विद्यापीठांपुरती बंदी घातली, मेरीलँडनं २०२४ मध्ये सरकारी आणि खासगी दोन्हींना. कॅलिफोर्नियाचा खासगी कॉलेजांसाठीचा कायदा १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला. त्यावर स्टॅनफर्डनं काढलेली वाट मासलेवाईक आहे: राज्याच्या कॅल ग्रँट या विद्यार्थी मदतीचा पैसा सोडला, लेगसी ठेवली.

ऑक्सफर्ड-केंब्रिजबद्दलही विचारणा होते. तिथं लेगसी नाही. यूसीएएस या ब्रिटनच्या सामायिक प्रवेश यंत्रणेचा अर्ज १५ ऑक्टोबरपर्यंत जातो आणि आजोबा केंब्रिजचे बॅरिस्टर होते हे लिहायला त्यात रकाना नाही.

फॉर्म भरताना

कॉमन ॲप, म्हणजे अनेक कॉलेजांना एकत्र चालणारा ऑनलाइन अर्ज, दरवर्षी १ ऑगस्टला नव्यानं उघडतं. लेगसीची माहिती त्यात दोन ठिकाणी जाते. एक, सगळ्या कॉलेजांना जाणाऱ्या फॅमिली विभागात, जिथं आईवडिलांची कॉलेजं, पदव्या आणि वर्षं विचारतात. दोन, काही कॉलेजांच्या स्वतःच्या प्रश्नांत, जिथं तुमच्या घरातलं कुणी इथं शिकलं आहे का असं थेट विचारतात. दुसरा प्रश्न नसेल तर घाबरू नका. पहिल्या ठिकाणची माहिती पोचलेली असते.

फॅमिली विभागात कॉलेजचं नाव यादीतून निवडावं लागतं आणि इथं हटकून घसरायला होतं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ आणि पेनसिल्व्हेनिया स्टेट ही दोन वेगळी विद्यापीठं आहेत. सेंट लुइसचं वॉशिंग्टन विद्यापीठ वेगळं, सिॲटलचं वेगळं. कॉर्नेल युनिव्हर्सिटी न्यूयॉर्क राज्यात, कॉर्नेल कॉलेज आयोवात. मायामी नावाचं एक विद्यापीठ चक्क ओहायोत आहे. नावाबरोबर गाव आणि राज्य जुळतंय का ते पाहूनच क्लिक करा. चुकीची निवड झाली तर कॉलेज स्वतः शोधून दुरुस्त करत बसत नाही.

नावाचा घोळ आपल्याकडं आणखी जास्त. आई तिथं शिकताना देसाई होती, लग्नानंतर पाटील झाली, पासपोर्टवर मधलं नाव नवऱ्याचं आलं. कॉलेजच्या नोंदीत ती अजून देसाईच आहे. काही कॉलेजं लेगसीचा दावा माजी विद्यार्थी कार्यालयाच्या यादीशी ताडतात, आणि नाव जुळलं नाही तर नोंद लागत नाही. म्हणून जून-जुलैतच आईनं त्या कार्यालयाला ईमेल करून लग्नाआधीचं नाव, आताचं नाव, पदवी, वर्ष आणि सापडल्यास जुना विद्यार्थी क्रमांक कळवावा, पत्ता-ईमेल अद्ययावत करून घ्यावा. अर्जात जिथं आधीचं आडनाव विचारतात तिथं पदवीवरचंच स्पेलिंग घाला. वडिलांच्या बाबतीतही पदवीवर मधलं नाव पूर्ण आहे की आद्याक्षर, ते बघून लिहा. पालक हयात नसतील तरी त्यांचं शिक्षण लिहायचंच, लेगसी त्यानं जात नाही.

पदवी अर्धवट सोडली असेल तर तसंच लिहा. खोटी किंवा फुगवलेली माहिती पुढं उघडी पडली तर मिळालेला प्रवेशही रद्द होतो, आणि अर्जाच्या शेवटी माहिती खरी असल्याची सही विद्यार्थ्याची असते.

निबंधाबद्दल एक कडक सूचना. 'हे कॉलेज का' या प्रश्नाला बाबांच्या आठवणींनी उत्तर देऊ नका. बाबा त्या लॉनवर बसायचे, लहानपणापासून त्यांचा टीशर्ट मी घालते, असले निबंध वाचणाऱ्याकडं ढिगानं येतात. त्यातून एवढंच कळतं की मुलीला कॉलेजबद्दल वडिलांपलीकडं माहिती नाही. पदवीची माहिती फॉर्ममध्ये आधीच गेलेली आहे. निबंधात फार तर एक वाक्य, आणि तेही त्यातून पुढं काही निघत असेल तरच. बाकीची जागा तिथला अभ्यासक्रम, एखादी प्रयोगशाळा, एखादा विषय आणि आपण इथं केलेलं काम यांची सांगड घालण्यात जाऊ द्या. पंचगंगेच्या पुराच्या पातळीवर केलेला शाळेचा प्रकल्प बाबांच्या टीशर्टपेक्षा कितीतरी जड पडतो. माजी विद्यार्थ्यानं घेतलेल्या मुलाखतीतही तेच. विचारलं तर सांगा, आपणहून सुरुवात करू नका.

अर्ली डिसिजन आणि दिवाळी

लेगसीचं जे काही वजन असतं ते लवकरच्या फेरीत जास्त कामाला येतं असं मानलं जातं. कारण सोपं आहे. अर्ली डिसिजन म्हणजे बांधील अर्ज: प्रवेश मिळाला तर जाणारच, अशी विद्यार्थी, पालक आणि शाळा तिघांची सही. लेगसी मूल खरंच येणार आहे की नुसती खुंटी ठोकून ठेवतंय, हे कॉलेजला तिथं कळतं. असा अर्ज एकाच कॉलेजात करता येतो.

पण आकडे वाचताना फसू नका. समजा एका कॉलेजात एकूण ३०,००० अर्ज आले आणि २,४०० घेतले, म्हणजे ८ टक्के. कॉमन डेटा सेटच्या सी-२१ मध्ये अर्ली डिसिजनचे ४,००० अर्ज आणि ८०० प्रवेश दिसले, म्हणजे २० टक्के. उरले २६,००० अर्ज आणि १,६०० जागा, साधारण ६ टक्के. २० आणि ६ बघून घाई होते. त्या ८०० मध्ये आधीच हेरलेले खेळाडू असतात, लेगसी असतात, कर्मचाऱ्यांची मुलं असतात. ही मंडळी वजा केली की साध्या अर्जदाराचं प्रमाण २० च्या बरंच खाली येतं. तुमचं मूल लेगसी असेल तर ते त्या ८०० च्या फायद्याच्या बाजूला आहे. नसेल तर २० हा आकडा तुमचा नव्हे.

आणि पैसा. लेगसीनं फी कमी होत नाही. परदेशी विद्यार्थ्याला मदत मागितल्याचा प्रवेशावर परिणाम न होऊ देणारी कॉलेजं मोजकी आहेत: हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट आणि आणखी थोडी. बाकी ठिकाणी मोठी मदत हवी असेल तर तीच गोष्ट लेगसीचा फायदा खाऊन टाकू शकते. परदेशी मुलांना मदत मिळते का, किती जणांना आणि सरासरी किती, हे त्याच पत्रकात एच-६ मध्ये असतं. ते न वाचता बांधील अर्जावर सही करू नका. मूल अमेरिकेत जन्मलेलं आणि तिथलं नागरिक असेल, वडील तिथं शिकत-नोकरी करत असतानाचं, तर चित्र पालटतं. कोल्हापुरातून अर्ज केला तरी मदतीच्या बाबतीत ते अमेरिकन अर्जदार, सरकारी मदतीचा एफएएफएसए हा अर्ज भरता येतो. अशा घरांत लेगसीची चर्चा रंगते आणि त्या पासपोर्टची किंमत कुणाच्या ध्यानात नसते.

तारखेचं गणित कोल्हापुरात दिवाळीवर बिघडतं. बहुतेक अर्ली मुदती १ नोव्हेंबरच्या. २०२४ मध्ये त्याच दिवशी लक्ष्मीपूजन होतं. २०२६ मध्ये १ नोव्हेंबर रविवार आहे आणि लक्ष्मीपूजन लगेच पुढच्या रविवारी. ज्युनिअर कॉलेजला सुट्टी लागली की प्राचार्यांचा शिक्का, क्लार्कची किल्ली, सरांचा पासवर्ड सगळं गावाकडं जातं. मुलाचा अर्ज वेळेत जातो आणि शाळेचा रिपोर्ट पडून राहतो. शाळेची कागदपत्रं सप्टेंबरअखेर अपलोड होतील असं ठरवा. आपल्या बहुतेक कॉलेजांत स्वतंत्र समुपदेशक नसतो. प्राचार्य, उपप्राचार्य किंवा वर्गशिक्षक ती जागा भरू शकतात, त्यांना आधी दाखवून ठेवा की ईमेलनं लिंक येईल. नववी-दहावीचे गुण शाळेतून आणि अकरावीचे ज्युनिअर कॉलेजातून, अशा दोन संस्थांच्या चकरा असतात. नववीचं प्रगतिपुस्तक घरी सापडत नसेल तर शाळेच्या निकालपत्रकावरून दाखला मिळतो, पण तोही एका दिवसात मिळत नाही.

वशिला, चिठ्ठी आणि देणगी

आमदारांचं पत्र, साखर कारखान्याच्या चेअरमनसाहेबांचं पत्र, एखाद्या माजी कुलगुरूंचं पत्र. या चिठ्ठ्या आणायला लोक खटपट करतात आणि वाचणाऱ्याला त्यातून मुलाबद्दल एक अक्षर कळत नाही. उलट, घराकडं पोच आहे पण सांगण्यासारखं काही नाही, असा समज होतो. दोन पत्रं रोज वर्गात पाहणाऱ्या शिक्षकांची घ्या. मुलीनं कुठला प्रश्न विचारला, कुठं अडली, मग काय केलं, एवढं त्यांनी साध्या इंग्रजीत लिहिलं तरी पुरे. कॉलेज नुसतं नावाला आणि सगळा दिवस क्लासमध्ये अशी व्यवस्था असेल तर हीच अडचण होते: कॉलेजातल्या सरांना मूल माहीतच नसतं. अकरावीतच एका-दोन शिक्षकांच्या प्रॅक्टिकलला, प्रकल्पाला नियमित जायला लावा.

लेगसी घरांत देणगीचा विषय निघतोच. आईनं वीस वर्षं दरसाल शंभर डॉलर पाठवले असतील तर चांगलंच, पण त्यानं प्रवेश होत नाही. बारावीच्या वर्षात अचानक पाच हजार डॉलर पाठवले तर हेतू सगळ्यांना दिसतो आणि रक्कम कुणाच्या खिजगणतीत नसते. ज्या देणग्यांनी फरक पडतो त्या इमारतींच्या मापाच्या असतात. भारतातून उदारीकृत प्रेषण योजनेखाली माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरच बाहेर पाठवता येतात, आणि मुलाची फीसुद्धा त्यातूनच जाते.

'ॲल्युम्नाय कोट्यातून सीट करून देतो' असं म्हणणारा एजंट भेटला तर चहा पिऊन उठा. असा कोटा नाही, त्यामुळं तो विकायलाही नाही. मार्च २०१९ मध्ये अमेरिकेत व्हर्सिटी ब्लूज प्रकरण फुटलं. रिक सिंगर नावाचा सल्लागार प्रशिक्षकांना लाच देऊन श्रीमंतांच्या मुलांना खोटे खेळाडू म्हणून आत घालत होता. तो तुरुंगात गेला, पालकही गेले. माहिती हवी असेल तर मुंबईत यूएसआयईएफ या भारत-अमेरिका शैक्षणिक संस्थेचं एज्युकेशन यूएसए केंद्र आहे, प्राथमिक सल्ला मोफत मिळतो.

घरात कुणीच शिकलेलं नसेल तर

सी-७ मधली फर्स्ट जनरेशनची ओळ इथं कामाला येते. आईवडील दोघांपैकी कुणाकडंही चार वर्षांच्या तोडीची पदवी नसेल तर मूल घरातलं पहिलं पदवीधर होणार, आणि बरीच कॉलेजं ही गोष्ट जमेला धरतात. लेगसी सोडलेल्या कॉलेजांपैकी अनेकांनी याच बाजूला वजन वाढवलं. कागल-राधानगरीकडच्या घरांत मुलं हे लपवतात, वडिलांच्या शिक्षणाच्या रकान्यात दहावी लिहायला लाजतात, आयटीआयला डिप्लोमा आणि डिप्लोम्याला डिग्री करून टाकतात. असं करून ती स्वतःच्या हातानं जमेची बाजू खोडतात. जे आहे ते लिहा. व्याख्या कॉलेजागणिक थोडी बदलते. एका पालकाची बीए असेल, किंवा तीन वर्षांची पदवी असेल, तर मनानं ठरवू नका. माहिती भरा आणि वर्गवारी कॉलेजला करू द्या.

इकडच्या प्रवेशात घराणं कुठं येतं

वडील कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे किंवा केआयटीचे, म्हणून मुलाला तिथं काही मिळत नाही. आयआयटीला जेईई ॲडव्हान्स्ड, इंजिनिअरिंगला एमएचटी-सीईटी किंवा जेईई मेन आणि कॅप म्हणजे केंद्रीय प्रवेश फेऱ्या, मेडिकलला नीट. माजी विद्यार्थ्याचं मूल हा रकाना यातल्या एकाही फॉर्मात नाही. खासगी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांत २० टक्क्यांपर्यंत जागा संस्था स्तरावर भरतात, पण त्याही गुणवत्ता यादी लावूनच भरायच्या असतात. अकरावीच्या इनहाऊस कोट्याला लोक घराण्याशी जोडतात. तो मुलानं स्वतः दहावी त्याच संस्थेत केली का एवढंच पाहतो.

पालकावरून खरोखर हक्क मिळतो तो सैनिकांच्या मुलांना. सैनिक टाकळीसारखी गावं असलेल्या जिल्ह्यात हे ठाऊक असायला हवं, तरी दरवर्षी कागद उशिरा निघतात. इंजिनिअरिंगच्या कॅपमध्ये ५ टक्के जागा संरक्षण दलातल्यांच्या मुलांसाठी आहेत. सेवेतले आणि माजी सैनिक यांचे गट वेगळे आणि दाखल्यांचे नमुनेही वेगळे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची चक्कर निकालानंतर न मारता सीईटीच्या आधीच मारा, आणि वडिलांचा महाराष्ट्राचा अधिवास दाखला हाताशी ठेवा.

एनआरआय कोट्यात मात्र आपली भावकी पुन्हा डोकं वर काढते. पी. ए. इनामदार खटल्यात २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यावर १५ टक्क्यांची मर्यादा घातली आणि या जागा खऱ्या अनिवासी भारतीयांच्या मुलांसाठी किंवा ते पालक असलेल्या मुलांसाठीच वापराव्यात असं बजावलं. तरी दुबईतल्या मामांच्या नावावर मेडिकलची जागा घ्यायचे प्रयत्न होतात. ऑगस्ट २०२४ मध्ये पंजाब सरकारनं व्याख्या ताणून त्यात काका, आत्या, मामा, मावशी, आजी-आजोबा घातले. उच्च न्यायालयानं ते रद्द केलं, आणि सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयानंही ही निव्वळ फसवणूक आहे असं म्हणून सरकारचं अपील फेटाळलं. मामांनी पाठीराखेपणाचं प्रतिज्ञापत्र द्यायची तयारी दाखवली असेल, तर पैसे भरायच्या आधी त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत एनआरआयची व्याख्या शब्दशः वाचा आणि मागितलेलं प्रत्येक कागदपत्र हातात आल्यावरच फॉर्म भरा.